कोपरा फाटलेलं कार्ड

जबलपूर, ८ सप्टेंबर २०२५

ती. अच्युतदादा,

नमस्कार. हा मनातल्या मनात वाचू नकोस, मोठ्यानं वाच, म्हणजे तुला ऐकू येईल. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे घरच्या गोष्टी आमच्या अख्ख्या नेपियर टाउनला ओरडून सांगायच्या, म्हणून पुन्हा कागदपेन काढलं.

दोन कामं आहेत. पहिलं सोपं. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर व्हरांड्यात शेजारपाजारची मुलं गोळा केली, हे तुला ठाऊक आहे. आता त्यांच्या आया म्हणतात, "टीचर, इंग्लिश भी देख लीजिए ना." मी बघते म्हणाले आणि फसले. सध्या गाडी क्वेश्चन टॅगपाशी अडली आहे, म्हणजे वाक्याच्या शेवटी ते जे इवलंसं प्रश्नाचं शेपूट लावतात तिथे. आमची मंडळी प्रत्येक वाक्याला एकच शेपूट लावतात. राम आंबा खातो, इझन्ट इट. काल सुट्टी होती, इझन्ट इट. टीचर रागावल्या, इझन्ट इट. तू एवढी वर्षं इंग्रजी शिकवलंस, काही उपाय सांग.

दुसरं काम अवघड. मेघनाचे दिवस जानेवारीत भरतात. मला डिसेंबरातच तिच्याकडे पुण्याला जावं लागेल, ते थेट मार्चपर्यंत. तोवर वर्ग बंद ठेवला तर मुलं चौकातल्या कोचिंगला जातील. तिथे एकेका खोलीत साठ-साठ जण बसतात. बाकीची तिथेही तग धरतील, पण समिधाचं काय करू? दहा वर्षांची आहे, वडील फॅक्टरीत कामाला. मराठी घरातली, मराठी कळतं, बोलते हिंदीत, आणि तेही इतकं हळू की नुसते ओठ हललेले दिसतात. माझ्याकडे येऊन दीड वर्ष झालं, तेव्हा कुठे तिचा आवाज फुटायला लागला. साठ जणांत तो पुन्हा बंद होईल, अशी मला भीती वाटते.

म्हणून तू ये. तीन महिने माझ्या घरी राहा आणि वर्ग चालव. तुझे बाबा, म्हणजे आमचे मामा, रेल्वेत होते तेव्हा तू इथेच लहानाचा मोठा झालास, गाव काही परकं नाही. नाही म्हणायचं असेल तर कारण नवीन शोध.

तुझी
शैलू


नागपूर, १८ सप्टेंबर २०२५

चि. शैलू,

आशीर्वाद. तुझा नमस्कार सांगितल्याप्रमाणे मोठ्यानं वाचला. खालच्या मजल्यावरची क्षमा जिना चढून वर आली आणि कोण आलंय म्हणून विचारू लागली. माझ्याकडे कुणी येत नाही हे तिला माहीत आहे, म्हणून तिला नवल वाटलं.

पहिल्या कामाविषयी. आपलं 'ना' आणि हिंदीतलं 'है ना' ही गरीब गाय आहे, कुणाच्याही मागे बांधा, निमूट जाते. इंग्रजीचं तसं नाही. वाक्यात बाई असेल तर शेपटातही बाई हवी. वाक्य कालचं असेल तर शेपूटही कालचं. शिवाय वाक्य 'हो' म्हणालं की शेपूट 'नाही' म्हणणार आणि वाक्य 'नाही' म्हणालं की ते 'हो' म्हणणार. थोडक्यात, तुझ्या स्वभावावर गेलेलं आहे. सोबत नियमांची तीन पानं जोडली आहेत. मुलांना वाचून दाखव.

दुसऱ्या कामाविषयी, मी येणार नाही. कारण जुनंच आहे, पण पूर्वी पूर्ण सांगितलं नव्हतं ते आता सांगतो. गेल्या वर्षी बिल्डिंगमधली चार मुलं शिकायला येत होती. एकानं विचारलं, सर, उद्या सुट्टी आहे का? मी त्याला 'बुट्टी'चं इंग्रजी सांगत बसलो. मुलं हसली. मीही हसलो आणि दुसऱ्या दिवसापासून वर्ग बंद केला. मुलं वाईट नव्हती, त्यांच्या वयात मीही हसलो असतो. पण फळ्यासमोर उभं राहून कान पुढे करत 'काय? काय?' म्हणणं आता माझ्यानं व्हायचं नाही. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, ते ड्रॉवरमध्ये सुखात आहे.

समिधासाठी दुसरं कुणी बघ. बोलायला घाबरणारी मुलगी आणि ऐकू न येणारा मास्तर, अशी जोडी जमवायची तुला हौस का, हे मला कळलं नाही.

तुझा
अच्युतदादा


जबलपूर, ४ ऑक्टोबर २०२५

ती. अच्युतदादा,

दसऱ्याचं सोनं घे आणि सोन्यासारखं वाग.

तुझी तीन पानं वाचून दाखवली. दुसऱ्या पानाला दोघं झोपले आणि तिसऱ्याला मी. नियम बरोबर आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटी मी माझ्या बुद्धीनं एक युक्ती काढली. ह्यांनी कधीतरी आणून ठेवलेली कोऱ्या पोस्टकार्डांची चळत कपाटात पडून होती. एकेका कार्डावर मी वाक्य लिहिलं, त्याचं शेपूट उजव्या कोपऱ्यात लिहिलं आणि तेवढा कोपरा हातानं फाडला. मग सगळे कोपरे एका ताटात कालवून ठेवले. मुलं वाक्य वाचतात, कोपरा शोधतात आणि जोडून बघतात. हातानं फाडलेली कड दुसऱ्या कार्डाला बसतच नाही. चुकलं तर मी रागवायच्या आधी कार्डच सांगतं. गेले आठ-दहा दिवस घरात फाटक्या कोपऱ्यांचा नुसता पाचोळा झाला आहे. आता मुलं स्वतःची कार्डं स्वतःच करतात, आणि 'इझन्ट इट' निम्म्यानं कमी झालं.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. वाक्य सगळे खणखणीत म्हणतात आणि शेपूट आलं की पुटपुटतात. चुकलं तर कुणाला कळू नये, एवढाच त्यात डाव. समिधा तर अख्खं वाक्यच पुटपुटते. कान देऊन देऊन मी तिचं ओळखायला शिकले आहे, पण शाळेत तोंडी परीक्षा घेणाऱ्या बाई कशाला तेवढा कान देतील?

तिनं तुझ्यासाठी स्वतः एक कार्ड केलं आहे. तू माझा गुरू, असं मी तिला सांगितलं होतं. पाकिटात कार्ड आणि कोपरा दोन्ही घालून टाक म्हटलं, तर आत्ताच टपालपेटीकडे पळाली. हे पत्र मी उद्या टाकीन.

तुझं कारण वाचलं. पटलं नाही, पण वाईट वाटलं. एवढं मनात ठेवून होतास आणि मी 'कारण नवीन शोध' म्हणून थट्टा केली. तरीही विचारते, दादा, मी काय करू? मेघनाचं पहिलं बाळंतपण, तिला मी हवी आहे. इथे समिधा रोज विचारते, "टीचर, आप कब जाओगी?" मी तिला रोज सांगते, अभी टाइम है. पण तो संपत चालला आहे.

तुझी
शैलू


जबलपूर, १३ ऑक्टोबर २०२५

ती. अच्युतदादा,

मी जिवंत आहे. एवढ्यासाठीच पुन्हा लिहायला बसले आहे, कारण परवा तू माझं ऐकून न घेताच उठून गेलास.

माझं चार तारखेचं पत्र आज पर्समध्येच सापडलं. टाकायचं म्हणून घेतलं होतं, तेवढ्यात बरगीला नणंदेकडे जावं लागलं, परतले ती तू आलास त्याच सकाळी, आणि ते तसंच राहिलं. ते सोबत पाठवते. ते आधी वाच, म्हणजे सगळं उलगडेल. समिधाला मी विचारलं. पाकिटात कोपरा का घातला नाहीस? तर म्हणाली, "कोपरा भेजती तो सर को आन्सर मिल जाता." तुला कोडं घालायचं होतं म्हणे. पाकीटही तिनं वापरलं नाही, कार्डावर पत्त्याची जागा आहे तर पाकीट कशाला, म्हणून तसंच पेटीत टाकलं. दहा वर्षांच्या मुलीनं आपल्या लहानपणी येणारी ती कार्डं कुठून पाहिलेली असणार? वरती श्री नाही, कोपरा फाटलेला, असं कार्ड पोस्टमननं दारात धरलं की आई ते हातात घ्यायच्या आधीच रडायला लागायची. ते तुला-मला ठाऊक. आणि मी बघ, रोज कोपरे फाडून फाडून इतकी निर्ढावले की मलाही ते सुचलं नाही.

त्यातून तिनं वाक्यही नेमकं निवडलं. 'शैलजा टीचर वॉज व्हेरी काइंड टु अस.' आम्ही त्या आठवड्यात भूतकाळ घेत होतो. 'वॉझन्ट शी' एवढाच कोपरा तिच्या कंपासपेटीत राहिला आणि मी देवाघरी गेले.

आता माझ्या बाजूनं मला काय दिसलं ते सांगते. त्या दिवशी आतल्या खोलीत चाचणी चालू होती, म्हणून सगळे गप्प. समिधा पाणी प्यायला व्हरांड्यात गेली आणि आत येऊन पहिल्यांदाच मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "टीचर, बाहर एक दादाजी रो रहे हैं." मी खडू हातात घेऊनच बाहेर आले. पायरीवर पांढरा सदरा घालून तू बसला होतास. बाजूला मुलांच्या चपलांचा ढीग. तो बघून तुला वाटलं, लोक जमलेत. मला पाहून तू म्हणालास, "शैले, तू आहेस काय?" मी म्हटलं, आहे. तुला ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा ओरडून म्हटलं, आहे. तेव्हा सगळा वर्ग बाहेर आला.

मी हसले, हे खरं. इतकी हसले की मला भिंत धरावी लागली. इतक्या वर्षांनी भाऊ आला आणि तोही रिकाम्या हातानं, संत्रा बर्फीचा तुकडाही नाही, असंही मी म्हणाले. ते म्हणायला नको होतं. सुतकाच्या घरी कुणी बर्फी नेत नाही, एवढं मला कळायला हवं होतं. रात्रभर तू बोलला नाहीस आणि सकाळी बॅग उचलून चालता झालास. 'येतो' म्हणाला नाहीस. माणूस गेलेल्या घरातून तसं निघतात, दादा. मी दारात उभी होते.

तू गेल्यावर मी रडले. माझ्यासाठी कुणी असं बसमधून धावत येईल, असं मला वाटलं नव्हतं.

समिधा घाबरली आहे. "सर मुझसे गुस्सा हैं क्या?" असं विचारते. तिला काय सांगू ते कळव.

तुझी
(अजून असलेली)
शैलू


नागपूर, २४ ऑक्टोबर २०२५

चि. शैलू,

आशीर्वाद. आयुष्मती भव हा जरा जोर देऊन लिहिला आहे.

दोन्ही पत्रं मिळाली. चार तारखेचं पत्र चार तारखेला टाकलं असतंस तर माझं बसचं तिकीट वाचलं असतं. कार्ड आलं तेव्हा क्षमा खालून ते घेऊन आली, तिनंच कोपरा पाहिला आणि माझ्या हातात द्यायला कचरली. तिच्या मोबाइलवरून तुला फोन लावला. "काका, फोन लागूनच नाही राहिला," ती म्हणत होती. तू बरगीला, तिथे रेंज नाही, हे आम्हांला काय माहीत? शेवटी मी आंघोळ करून निघालो.

तू हसलीस म्हणून मी गेलो नाही. तुझं हसणं मला लहानपणापासून सवयीचं आहे. मी त्या मुलांसमोर रडलो, याची मला लाज वाटली. सकाळी पुन्हा वर्ग भरणार होता आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचं माझ्यानं झालं नसतं.

आता बसमधलं सांगतो, म्हणजे हिशेब पुरा होईल. वाटेत सिवनी गेलं आणि मला एकाएकी वाटलं, आता मला दादा म्हणणारं या जगात कुणी उरलं नाही. आणि तू एक काम सांगितलंस, तेही मी नाही म्हणालो. यावर तू थट्टा करणार नाहीस, अशी अपेक्षा आहे.

समिधाला सांग, मी रागावलेलो नाही. तिला हेही सांग की तिचं कोडं मी सोडवलं आहे. त्या संध्याकाळी तू चहा करायला आत गेलीस तेव्हा ती तो कोपरा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, ऐकू नाही आलं. पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, अजून नाही. मला वाटलं, आता पळेल. पण ती पळाली नाही. तिला ते मला सांगायचंच होतं. मग तिनं दोन्ही मुठी आवळल्या आणि 'वॉझन्ट शी' अशी ओरडली की मला यंत्राशिवाय लख्ख ऐकू आलं. तू दारात येऊन ओरडून विचारलंस, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

परतीच्या वाटेवर मी त्याचा विचार करत होतो. तू प्रेमानं कान देतेस, म्हणून तिला आवाज काढावा लागत नाही. माझ्यापुढे पुटपुटून कुणाचं भागत नाही. हे मी गर्वानं सांगत नाही.

काल भाऊबीज झाली. क्षमानं ओवाळलं. तुझी ओवाळणी माझ्याकडे आहे, आणि तू म्हणतेस ते 'येतो'ही राहिलं आहे. दोन्ही पोस्टानं पाठवता येत नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरी कोण कोण असतं, ते कळव. माझ्या अटी: चहा सकाळी सहाला, भाजीत साखर नाही आणि ते झोपवणारे तीन कागद फाडून टाक.

तुझा
अच्युतदादा


पुणे, १५ जानेवारी २०२६

ती. अच्युतदादा,

तिळगूळ घे. मुलगी झाली, हे तुला तारेसारखं मोबाइलवर कळवलंच आहे, पण तू मेसेज उघडायला शिकलास की नाही याची खात्री नाही, म्हणून पुन्हा. मेघना ठीक, बाळ ठीक. बाळाचा आवाज असा आहे की तू नागपुरात असतास तरी ऐकू आला असता.

इकडे मला तुझ्याबद्दल तक्रारी येतात. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी फोन केला होता. म्हणाले, ताई, मी पेशंटच्या तोंडात हत्यार घालतो आणि तुमच्या व्हरांड्यातून आठ मुलं एकदम 'डझन्ट ही' म्हणून ओरडतात. पेशंट दचकतात. मी म्हटलं, त्याला इलाज नाही, ते आमचे मोठे सर आहेत.

इथलं आवरून मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात येते. मग तुझी सुटका. क्षमाला तुझी खोली झाडून ठेवायला सांगू का? आणि खरं सांग, मुलं हसली का रे? मला रोज तीच काळजी वाटते. आणि समिधाचं काय?

तुझी
शैलू


जबलपूर, २७ जानेवारी २०२६

चि. शैलू,

तुला, मेघनाला आणि त्या मोठ्या आवाजाच्या बाईंना आशीर्वाद. पाकिटाला चारी बाजूंनी हळदकुंकू लावलं आहे. पोस्टातले बाबू बघतच राहिले. पण तुझ्या घरात बाळंतीण आहे, मला धोका पत्करायचा नव्हता.

मुलं हसली. पहिल्याच आठवड्यात. मी काहीतरी भलतंच ऐकलं आणि भलतंच उत्तर दिलं, सगळी खोखो हसली. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी वर्ग नेहमीच्या वेळेला भरला. आधी आपलं काय चुकलं होतं, ते तेव्हा लक्षात आलं. आता यंत्रही लावतो. शिट्टी वाजली की मुलं म्हणतात, "सर, गाड़ी आ गई."

डॉक्टरांना भेटलो. माझी एक दाढ त्यांच्याकडे काढून आलो, तेव्हापासून ते तक्रार करत नाहीत.

समिधाची तोंडी परीक्षा परवा झाली. वाक्य म्हणाली आणि शेपूटही म्हणाली. बाईंनी तिला सांगितलं, बेटा, थोडा धीरे. ती घरी न जाता दप्तरासकट इथे आली आणि ते मला सांगितलं. दारातूनच सांगितलं, आणि मला कळलं. शैलू, इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुठल्या निकालाचा इतका आनंद झाला नव्हता.

सोबत तिनं केलेलं कार्ड आहे. 'अच्युत सर इज व्हेरी स्ट्रिक्ट.' कोपरा फाडला होता, तो मी डिंकानं चिकटवायला लावला आणि वरती श्री लिहायला लावलं. का, ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "टीचर को कुछ नहीं हुआ था, सर, आप फिर भी आए." मी म्हटलं, हो.

तू मार्चमध्ये खुशाल ये. मुलांचं गणित कच्चं आहे, ते तू घे. इंग्रजी माझ्याकडे राहील. क्षमाला खोली झाडायला सांगू नकोस. त्या दिवशी दारात राहून गेलेलं 'येतो' अजून माझ्याकडेच आहे, आणि ते मी इतक्यात म्हणणार नाही.

तुझा
अच्युतदादा